मलबेरी स्ट्रीटवरची चौकशी

“मग त्या लोकांनी संताची मूर्ती खांद्यावर घेतली,” श्यामकांत म्हणाला, “आणि मिरवणूक वळून परत मलबेरी स्ट्रीटला...”

“भाऊजी, तो संत आता खाली ठेवा,” विमलाबाई म्हणाल्या. “अकरा दिवस झाले. खांदे दुखले असतील त्यांचे.”

कुंदाआत्या फस्सकन हसली. मृणालिनी हसली नाही. तिघीजणी मधल्या खोलीत परातीभोवती बसून वाल सोलत होत्या. मोड आलेला वाल दोन बोटांत दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी परातीत पडते. टिपणिसांच्या घरातल्या बायका हे काम न बघता करत. आज मात्र विमलाबाईंच्या बोटांत डाळिंब्या मोडत होत्या.

दिवाळी पाच दिवसांवर आली होती. मुलुंडच्या त्या घरात चकलीची भाजणी दळून आलेली नव्हती, अनारशांचं पीठ तसंच पडून होतं, आणि चार वाजता अंधेरीहून वनमालाबाई सुळे साखर घेऊन यायच्या होत्या. त्यांच्या इंजिनिअर जयवंतासाठी मृणालिनीचा होकार न्यायला. डिसेंबरात मुलगा अमेरिकेहून येणार, लग्न लावणार आणि तिला घेऊन जाणार. सगळं ठरल्यासारखंच होतं. राहिली होती ती फक्त चौकशी.

त्या काळी पत्रिका न बघता झालेली लग्नं मी पाहिली आहेत, चौकशी न करता झालेलं एकही नाही. तिचे नियम ठरलेले असत. मुलाच्या घरी काही विचारायचं नाही. त्याच्या गल्लीत जायचं. न्हावी संगतीबद्दल सांगतो, वाणी खाण्यापिण्याबद्दल, शेजारीण आईच्या स्वभावाबद्दल आणि डॉक्टरचा कंपाउंडर उरलेलं सगळं. आणि मुलाला याचा पत्ता लागता कामा नये. पण जयवंताची गल्ली पडली न्यूयॉर्कात, तीही लिटल इटली नावाच्या, इटालियन लोकांच्या वस्तीत. अशा वेळी मृणालिनीच्या वडिलांच्या, म्हणजे विद्याधररावांच्या, धाकट्या भावाला, श्यामकांतला, त्याच्या औषध कंपनीनं बाटल्या भरायचं नवं यंत्र शिकायला सहा आठवडे नेमकं तिथेच पाठवलं. विमलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि एका कागदावर प्रश्न लिहून तो दिराच्या पासपोर्टात घातला.

दीर जाऊन आला. प्रश्नांचा कागदही परत आला, घडी न मोडल्यासारखा.

“बरं, संत राहू दे,” श्यामकांत म्हणाला. “वस्तीचं सांगतो. वहिनी, ही काय आजकालची वस्ती नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बोटीतून उतरले ते लोक, आणि जे तिथे बसले ते बसलेच. एका गल्लीत एका गावचे, पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या गावचे. आपल्या परळच्या खोल्यांत कसे कोकणातले एकेका गावचे असतात, तस्संच. पाच-पाच मजले, बाहेरून लोखंडी जिने, या खिडकीतून त्या खिडकीत वाळत घातलेले कपडे. चौथ्या मजल्यावरची म्हातारी दोरीनं टोपली खाली सोडते, भाजीवाला तीत मिरच्या टाकतो. मला तर वाटलं...”

“गिरगावात आलो,” मृणालिनी म्हणाली. “हे तुम्ही बुधवारी सांगितलंत.”

“आणि शुक्रवारी,” विमलाबाई म्हणाल्या.

श्यामकांतनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेवढाच वेळ मिळाला. चाळीशीचा, लग्न न केलेला, भावाच्या संसारात एका खोलीत राहणारा हा माणूस खोटं बोलत नसे. त्याची अडचण वेगळी होती. खरी गोष्ट तोंडाशी आली की तिच्या आधी दुसरी एखादी सांगायलाच हवी असं त्याला वाटे, आणि त्या दुसरीच्या आधी तिसरी. या अकरा दिवसांत तो तीनदा अगदी काठापर्यंत पोचला होता. एकदा तिथल्या पनीराच्या गोष्टीवरून घसरला, दोनदा संताच्या. आता घड्याळात सव्वातीन झाले होते.

“अरे श्याम, पण तू न्हाव्याकडे गेलास ना?” कुंदाआत्यानं विचारलं. हे स्थळ तिनंच आणलं होतं. अंधेरीला सुळ्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडात ती पंधरा वर्षं राहत होती, आणि या लग्नाचं पुण्य तिनं आधीच आपल्या नावावर लावून टाकलं होतं. “दोन वाक्यांत सांग. न्हावी काय म्हणाला?”

“तिथेच तर वाट लागली! मी खुर्चीत बसलो. साल्वातोरे त्याचं नाव. गळ्याला फडकं बांधून घेतलं आणि अगदी सहज विचारलं, इथे एक हिंदुस्थानी मुलगा राहतो म्हणे? तो म्हणाला, मुलगी कोणाची? तुमची?”

“अगं बाई!”

“तसाच दारात जाऊन ओरडला. त्यांच्या भाषेत. पाच मिनिटांत दुकानात पंधरा माणसं. मुलीचा काका आलाय, मुलीचा काका आलाय! अर्धी हजामत तशीच. मला धरून नेलं जयवंताच्या घरमालकिणीकडे. कार्मेला नावाची म्हातारी, पायरीवर बसून शेंगा सोलत होती. आपल्या वालासारख्याच, फक्त लाल ठिपके. तिनं माझ्यापुढे शेंगा टाकल्या, म्हणजे सोल. आणि उलटी मलाच विचारायला लागली. मुलीचे दात कसे आहेत, आई तापट आहे का, घरात कोणाला फिट्स येतात का...”

“तापट?” विमलाबाईंनी मान वर केली. “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, वहिनी फार प्रेमळ.”

विद्याधरराव बाहेरच्या ओटीवर पेपरमागे होते. पेपरात द्विभाषिक राज्याची बातमी होती आणि ती त्यांनी सकाळपासून तीनदा वाचली होती. एप्रिलात ते निवृत्त होणार होते. मृणालिनीला पंचविसावं चालू होतं. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, चष्मा लावायची, आणि आजवर आलेल्या तीन स्थळांनी त्या चष्म्याकडे बघून निरोप पाठवले होते. चौथं परत जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. धाकट्या भावाच्या गोष्टीत काहीतरी मुरत पडलंय हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून तर त्यांनी स्वतःहून एक शब्द विचारला नव्हता.

“मग म्हातारीनं घरात नेलं,” श्यामकांत पुढे म्हणाला. “तळघरात पिंपं. घरचीच द्राक्षाची दारू. ग्लास भरला आणि...”

“तुम्ही घेतलीत?”

“वहिनी, चौकशीसाठी घ्यावी लागली.”

“इथे दारूबंदी, आणि हे तिकडे चौकशीसाठी!” विमलाबाईंनी सालीची मूठ सुपात आपटली. “भाऊजी, मी तुम्हाला अकरा ओळी लिहून दिल्या होत्या. त्यातली एक, एक तरी सांगा!”

मृणालिनीनं हात पुसले. तिच्या ट्रंकेत जयवंताची दोन पत्रं होती, वडिलांनी वाचून मग तिला दिलेली. एकात बर्फ कसा पडतो ते होतं, दुसऱ्यात जमिनीखालच्या रेल्वेचं वर्णन. अक्षर स्वच्छ होतं. ती पत्रं तिला पाठ होती आणि दर वेळी वाचून झाल्यावर तिला वाटे, ही भूगोलाच्या पुस्तकातली असावीत. या माणसाबरोबर आपण सात समुद्र ओलांडायचे म्हणतोय आणि तो सकाळी उठून काय करतो ते आपल्याला माहीत नाही.

“काका,” ती म्हणाली, “तुम्हाला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा अंगात काय होतं त्यांच्या?”

श्यामकांत या प्रश्नाला तयार नव्हता. “गंजिफ्रॉक,” तो म्हणाला. “आणि कोपरापर्यंत पीठ.”

“पीठ?”

“पाव करतो तो. म्हणजे बेकरीत कामाला आहे. पहाटे तीनला भट्टी लागते.” आता सुरू झाल्यावर ते भराभर यायला लागलं. “मागच्या वर्षी नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. कॉलेजातून नाव काढलेलं नाही, संध्याकाळी जातो, एकेक विषय देतोय. सुटीत काही कॉलेज नसतं म्हणून पाव, असं नाही. पावच. एक खोली आहे. आंघोळीचा टब स्वयंपाकघरात, वर फळी टाकली की तेच टेबल. मुलगा सोन्यासारखा आहे, मृणाल. मला जेवायला घातलं त्यानं. सगळी गल्ली त्याच्यावर जीव टाकते. पण इंजिनिअर तो नाही. तीन वर्षांनी होईल. नाहीही होणार.”

ओटीवर पेपर खाली आला.

पहिली बोलली ती कुंदाआत्या. “पाववाला? अरे, त्याचे वडील, काशीरामभाऊ, आख्ख्या बिल्डिंगला सांगतात की आमचा जयवंत पुलावर आहे! मोठमोठे पूल बांधतोय!”

“वन्सं, तुम्ही पंधरा वर्षं शेजारी राहता. तुम्ही काय चौकशी केलीत?”

“मी? शेजाऱ्यांची कसली चौकशी करायची! म्हणजे मला फसवलं त्यांनी. माझ्या तोंडाला काळं फासलं. येऊ दे ती वनमाला, बघतेच आता!”

“तू काही बघू नकोस,” विद्याधरराव आत येत म्हणाले. “ती बाई साखर घेऊन वाटेत असेल. मी काय म्हणतो, मुलगा शिकतोय ना? एकेक विषय का होईना. आज हो म्हणून टाकू.”

“आणि मुलीला टबावरच्या फळीवर जेवायला पाठवू?” विमलाबाई म्हणाल्या. “तुम्हाला आधीच वास आला होता. म्हणून पेपर वाचत होतात.”

“मी पेपर रोजच वाचतो.”

“दादा, आता हो म्हटलंत ना, तर मी या घरात पाऊल टाकणार नाही,” कुंदाआत्या म्हणाली. सकाळपर्यंत ती याच स्थळासाठी शपथा खात होती.

“वहिनी, पण तो मुलगा लबाड नाही,” श्यामकांत म्हणाला. “त्यानं मार्चमध्येच सगळं घरी लिहिलं होतं. मला विचारलं, तुम्हाला आईबाबांनी सांगितलंच असेल ना? मी नाही म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा...”

“म्हणजे सुळ्यांना माहीत आहे?” विमलाबाईंचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की घरातले सगळे सावध होत. “आणि हे सगळं तुम्ही अकरा दिवस पोटात ठेवलंत?”

“मला वाटलं, ते लोक आपणहून सांगतील. मग माझ्यावर यायचं नाही.”

फाटकाची कडी वाजली.

वनमालाबाई सुळे एकट्याच आल्या होत्या. बुटक्या, वाळक्या, निळ्या नऊवारीत. अंधेरीहून दादरला गाडी बदलून मुलुंड आणि स्टेशनपासून टांगा, एवढ्यानं त्यांना धाप लागली होती. हातात चांदीचा डबा होता आणि पिशवीत नारळ. दारातच त्यांनी आतली तोंडं पाहिली आणि डबा पदराखाली घेतला. ही वेळ येणार हे त्यांना मार्चपासून माहीत होतं. ती परक्याच्या घरात, वालाच्या सालींमध्ये येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

“या, वनमालाबाई,” कुंदाआत्या म्हणाली. “पूल काय म्हणताहेत?”

“वन्सं, तुम्ही जरा थांबा.” विमलाबाईंनी पाट सरकवला. पाणी दिलं. पाणी पिऊन होऊ दिलं. मग म्हणाल्या, “मार्चमधलं पत्र तुम्हाला मिळालं होतं?”

“मिळालं.”

“मग?”

वनमालाबाईंनी रिकामं भांडं दोन्ही हातांत धरून ठेवलं. “ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली, पत्रं मीच वाचून दाखवते. त्या दिवशीही वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत ‘मी नापास झालो’ असं होतं. हे समोर बसले होते, चहाची बशी हातात. म्हणत होते, वाच ना, थांबलीस का? मी वाचलं, ‘मी पास झालो.’ एवढीच ओळ बदलली हो. पण मग पुढच्या पत्रात त्याच्यापुढचं लागणार. पास झाला तर काम लागलं पाहिजे. काम लागलं तर कसलं? मला पुलाशिवाय काही सुचलं नाही.”

“म्हणजे काशीरामभाऊंना...” कुंदाआत्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

“त्यांना काहीच माहीत नाही. पूल सगळे माझेच. आता तिसरा चालू आहे.”

श्यामकांतनं भिंतीकडे तोंड फिरवलं. विद्याधरराव आपल्या चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

मृणालिनी मात्र चिडली होती. तिला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता, आणि तो नक्की कोणावर ते ठरवता येईना. “आणि मला आलेली पत्रं?” तिनं विचारलं. “बर्फाची? ती पण तुमचीच?”

“नाही, ती त्याची. त्यानं मला विचारलं होतं, मृणालिनीला हे सगळं कसं लिहू. मी कळवलं, आमचं बोलणं झालंय, तू आता तिला त्यातलं काही लिहू नकोस. बर्फाचं लिही. मुलींना आवडतं.”

“मला बर्फ आवडत नाही!” मृणालिनी म्हणाली. “माझ्यासाठी कोणी काय लिहायचं, कोणी काय वाचायचं, कोणी काय पोटात ठेवायचं, सगळं तुम्ही लोकांनी वाटून घेतलंत. काका, चौकशीला गेला होतात ना? त्यांनी माझ्यासाठी काही सांगितलं का? काहीही?”

“सांगितलं होतं ना,” श्यामकांत म्हणाला.

“काय?”

“म्हणजे मी निघालो त्या दिवशी. सकाळी तो पावाची टोपली घेऊन...”

“भाऊजी!” हे विमलाबाई आणि कुंदाआत्या एकदम म्हणाल्या. त्या दिवसातलं दोघींचं तेवढंच एकमत.

“तो म्हणाला, तिला सगळं सांगा. सगळं कळूनही ती भेटायला तयार असली तरच मी डिसेंबरात येतो. लग्नाचं नंतर. आणि नाही म्हणाली तर माझा राग नाही, फक्त तिनं स्वतः कळवावं.”

हा निरोप अकरा दिवस त्या घरात, जिन्याखालच्या खोलीत, एका गोड माणसाच्या पोटात पडून होता. मृणालिनीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा घातला. काकांवर ओरडण्यात अर्थ नव्हता. ते दुखावले असते आणि मग त्यांची समजूत काढण्यात आणखी तासभर गेला असता.

“त्यांना येऊ दे,” ती म्हणाली.

“शाब्बास!” विद्याधरराव म्हणाले. “साखर ठेवून घ्या.”

“साखर नाही, बाबा. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ते आले की मी त्यांना विचारीन, जे विचारायचं ते. मीच. न्हाव्याला नाही.” मग ती वनमालाबाईंच्या समोर खाली बसली. “पण ते यायच्या आधी त्यांच्या वडिलांना खरं कळायला हवं. ते बोटीवरून उतरतील आणि वडील विचारतील, कुठला पूल? तेव्हा ते काय बोलतील?”

वनमालाबाईंनी मान हलवली. “माझ्यानं नाही होणार गं. रोज सकाळी चहा घेताना विचारतात, आज पत्र आहे का? तो माणूस एवढ्यावर जगतोय.”

“मग डिसेंबरात काय करणार होतात?”

“मला वाटायचं, तोवर काहीतरी होईल.”

या घरात आणखी एक माणूस असाच विचार करत आला होता. विमलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. श्यामकांतनं मान खाली घातली.

“मी येते तुमच्याबरोबर,” मृणालिनी म्हणाली. “आत्ता. तुम्ही सुरुवात करा, तुम्हाला जमलं नाही तर मी सांगीन.”

एकच गिल्ला झाला. लग्न ठरलेलं नाही, साखर घेतलेली नाही आणि मुलगी उठून मुलाच्या घरी निघाली! विद्याधरराव म्हणाले, लोक काय म्हणतील. कुंदाआत्या म्हणाली, आमच्या बिल्डिंगमध्ये लोक जिन्यातच उभे असतात, काय म्हणतील ते मी सांगते. मृणालिनी आत गेली होती. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

विमलाबाई वनमालाबाईंकडे बघत होत्या. ही बाई आपल्या मुलीला फसवायला निघाली होती, आणि याबद्दल तिला क्षमा करायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण सात महिने रोज एका आंधळ्या माणसासमोर बसून कोरड्या डोळ्यांनी पूल बांधायचे, म्हणजे काय चेष्टा नाही. त्या उठल्या, देवघरातून करंडा आणला आणि सवाष्णीला लावतात तसं वनमालाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. जरा जोरातच.

“तुमचा डबा विसरू नका,” त्या म्हणाल्या.

मृणालिनी साडी बदलून बाहेर आली. पायात चपला सरकवायला लागली.

“अगं, तू सांग ना तिला!” विद्याधरराव बायकोला म्हणाले. “परत येईपर्यंत दिवेलागण होऊन जाईल. एकटी कशी येणार ती?”

“एकटी कशाला येईल?” विमलाबाईंनी खुंटीवरचा श्यामकांतचा कोट काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. “भाऊजी, उठा. जोडे घाला. तिला पोचवायचं, बाहेर उभं राहायचं, आणि घेऊन यायचं.”

“हो वहिनी.”

“आणि अंधेरी येईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.”

श्यामकांतनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं आणि ते मिटून तो जोडे शोधायला लागला.